पाऊस बाहेर, मग आतून ओली कशी?

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही लातूरहून निघालो, तेव्हा अंगणातल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. हुजूर साहिब नांदेड स्थानकावर सचखंड एक्स्प्रेस गाठायची, दिल्लीस उतरायचे, तेथून हरिद्वार आणि पुढे केदारनाथ, असा बेत होता. आईचे वय त्या वर्षी त्र्याहत्तर. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर तिच्या प्रकृतीची तक्रार नव्हती, आणि डॉक्टरांनी तपासून जाण्यास संमती दिली होती.

कॅनडात शिकणारा माझा भाचा मागच्या सुट्टीत आपला स्कीइंगचा जुना कोट आजीसाठी ठेवून गेला होता. आईने तो एकदा अंगात घालून पाहिला. बाह्या बोटांच्या पुढे चार बोटे लोंबत होत्या, टोपी डोळ्यांवर उतरत होती आणि पंखा पूर्ण वेगात असूनही तिच्या कपाळावर घाम आला. ‘हे गोधडं कुठं वागवू गं बाई,’ म्हणून तिने तो काढून ठेवला. आम्हीही हट्ट धरला नाही. २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, त्या गावात पाणी न शिरणाऱ्या कोटाची चर्चा ती कितीशी होणार? बाजारातून घरटी एक असे प्लास्टिकचे रेनकोट घेतले आणि निघालो.

गौरीकुंडाहून आई पहिले चार किलोमीटर हौसेने चालली. जंगलचट्टीच्या पुढे पाऊस सुरू झाला, तेव्हा तिने रेनकोट गळ्यापर्यंत लावून घेतला आणि तशीच चढत राहिली. भीमबलीच्या सुमारास ती दमली, म्हणून तिला खेचरावर बसवले. पुढे दीड-दोन तास ती हलली नाही. वारा सुटला, पावसात गाराही मिसळल्या. लिंचोलीला एका चहाच्या टपरीपाशी तिला उतरवले तेव्हा तिच्या हातातून काठी सुटली. रेनकोट काढला तर पोलके, बाहीचा स्वेटर आणि पदर चिंब. रेनकोट कुठेही फाटलेला नव्हता.

‘पाऊस तर बाहीर व्हता, मग मी आतून वली कशी झाले गं?’ तिने विचारले. मी काहीतरी उत्तर दिले. थोड्या वेळाने तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि चहाचा पेला हाती देईपर्यंत तिसऱ्यांदा. मला वाटले, दमली आहे. परत आल्यावर डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, तो थकवा नव्हता. शरीराचे तापमान उतरू लागल्याची ती खूण होती. टपरीवाल्याने आपल्या घोंगड्या दिल्या, ओले कपडे उतरवले, गरम गोड चहा दोनदा पाजला, म्हणून निभावले. आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला पुढे बरेच दिवस शोधावे लागले, आणि ते भाच्याच्या कोटात होते.

चढण चढणारे शरीर थंड हवेतही घाम गाळते. उघड्या अंगावरून तो वाफ होऊन उडून जातो. प्लास्टिकच्या कोटातून पाणी आत येत नाही, तसेच वाफही बाहेर जात नाही. बाहेरच्या पावसाने गार झालेल्या प्लास्टिकला ती आतून भिडते आणि तिचे पुन्हा पाणी होते. चालत असेपर्यंत शरीर उष्णता निर्माण करीत असते, म्हणून हा ओलावा जाणवत नाही. माणूस थांबला, खेचरावर किंवा डोलीत बसला, की तीच ओल अंगातली ऊब ओढून घेऊ लागते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. आई भिजली ती चालताना आणि गारठली ती बसल्यावर.

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात झडीच्या दिवसांत शेतकरी घोंगडीची खोळ डोक्यावरून घेई. ती नसेल तर पोत्याची. घोंगडी जलरोधक नसते, पण लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ पोटात घेऊनही हाताला ओली लागत नाही, भिजल्यावरही थोडीफार ऊब राखते, आणि खोळ खालून मोकळी असल्याने आत वारा खेळतो. तिचा दोष एकच. मुसळधार पावसात ती इतकी जड होते की म्हाताऱ्या खांद्यांना पेलवत नाही.

हलके आणि पाणी न शिरणारे वस्त्र शोधण्याचा खटाटोप फार जुना. स्कॉटलंडच्या चार्ल्स मॅकिन्टॉश यांनी १८२३ साली दोन कापडांमध्ये रबराचा थर बसवण्याचे पेटंट घेतले. पाऊस अडला, पण घाम आतच राहिला. आमच्या प्लास्टिकच्या कोटाचा तो पूर्वजच म्हणावा लागेल. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात पडणाऱ्या ब्रिटिश वैमानिकांसाठी अतिशय घट्ट विणीचे सुती कापड तयार झाले. त्याचे धागे भिजले की फुगतात आणि विणीतली छिद्रे बुजतात. खरी वाट सापडली ती अमेरिकेत, १९६९ साली. रॉबर्ट गोर हे न चिकटणाऱ्या तव्यावर ज्या पदार्थाचा थर असतो, त्या पदार्थाच्या तापवलेल्या कांड्या हळूहळू ताणून पाहत होते आणि त्या पुन्हा पुन्हा तुटत होत्या. वैतागून त्यांनी एक कांडी झटक्यात ओढली, आणि ती न तुटता कितीतरी पटींनी लांबली. त्या ताणात पदार्थाला असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली होती. पाण्याचा थेंब आत येऊ शकणार नाही इतकी ती लहान, आणि वाफेचा रेणू सहज निघून जाईल इतकी मोठी. या पापुद्र्याचे, म्हणजे गोर-टेक्सचे, कोट काही वर्षांनी बाजारात आले. आज अनेक कंपन्या वेगवेगळ्या पद्धतींनी असे पापुद्रे बनवतात. काहींत छिद्रे नसतातच. पातळ थर आतली वाफ शोषून बाहेरच्या बाजूने सोडून देतो.

हे कोट स्कीइंग करणाऱ्यांत इतके रुजले, त्यामागे एक कारण आहे, आणि ते आपल्या यात्रेकरूंना नेमके लागू पडते. स्कीइंग करणारा उतारावर पूर्ण ताकदीने घसरतो, घामाघूम होतो, आणि लगेच टांगत्या खुर्चीत बसून वाऱ्यात निश्चल असा वर जातो. पुन्हा घाम, पुन्हा गारठा. काही वेळ चालणारा आणि काही वेळ खेचरावर बसणारा आपला सत्तरीतला यात्रेकरू याहून वेगळे काय करतो? त्याचे शरीर मात्र तरुण खेळाडूचे नसते. वयानुसार स्नायू कमी होतात आणि थरथरून ऊब निर्माण करण्याची शक्ती मंदावते. त्वचेतल्या रक्तवाहिन्या वेळेवर आकुंचन पावत नाहीत, आणि थंडी वाजते आहे हेही उशिरा कळते. थायरॉईडचा विकार, मधुमेहाने बधिर झालेले तळवे आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. तरुण माणूस ‘थंडी वाजते’ म्हणतो त्या वेळी वृद्ध माणूस नुसता गप्प होतो.

पण असा कोट घेतला म्हणजे झाले, असे समजू नये. जाहिरातीत हे कोट ‘श्वास घेतात’ असे म्हणतात. प्रत्यक्षात ते आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या फरकावर चालतात. आत ऊब आणि दमटपणा, बाहेर थंड आणि कोरडी हवा असेल, तर वाफ आपोआप बाहेर ओढली जाते. बर्फाच्या उतारावरची हवा साधारणतः अशीच असते. नांदेडच्या जूनमध्ये किंवा आमच्या घरातल्या मे महिन्यात बाहेरची हवाच इतकी गरम की तो कोट घातलेल्या माणसाला भट्टीत बसल्यासारखे व्हावे, यात कोटाचा दोष नाही. केदारनाथच्या पावसात हवा थंड असली तरी दमट असते, त्यामुळे पापुद्र्याचे काम निम्म्यावर येते. अशा वेळी उपयोगी पडते ती काखेखालची चेन. चांगल्या स्कीइंगच्या कोटाला दोन्ही काखांखाली वीतभर लांबीची चेन असते. चढताना ती उघडावी आणि खेचरावर बसताना लावून घ्यावी. माझ्या मते वृद्धांच्या कोटात कंपनीच्या नावापेक्षा या चेनेला अधिक मोल आहे.

चिठ्ठीवरच्या आकड्यांबद्दल थोडेसे. दहा हजार मिलिमीटर याचा अर्थ त्या कापडावर तितक्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही. चालताना पडणाऱ्या पावसाला याहून कमीही पुरते, पण ओल्या खोगिरावर तासभर बसले की मांडीखालचा दाब कितीतरी वाढतो. म्हणून पँटसाठी दहा हजारांच्या खाली जाऊ नये. दुसरा आकडा चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ जाते हे सांगतो. प्रत्येक कंपनीची चाचणी वेगळी असल्याने दोन कंपन्यांच्या या आकड्यांची तुलना करू नये. शिवणींकडे मात्र जरूर पाहावे. कोट उलटा करून प्रत्येक शिवणीवर आतून पारदर्शक पट्टी चिकटवलेली आहे का ते तपासावे. नसेल तर सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी येणार. याच कारणाने आमच्या हातून एक चूक होता होता राहिली. भाच्याच्या कोटाच्या बाह्या आखूड करून आणण्यासाठी मी तो शिंप्याकडे नेला होता. शिंपी जुना आणि जाणता. त्याने आतली पट्टी बोटाने चाचपली आणि म्हणाला, ‘ताई, ह्याला सुई लावली तर तुमचा कोट गळंल.’ बाही लांब असेल तर मनगटाची पट्टी आवळून घ्यावी, कापू नये.

आता अंगाला कसा बसतो, हा प्रश्न. वृद्धांच्या बाबतीत येथेच बहुतेक कोट नापास होतात. पाठीला बाक आला असेल तर मागची कड वर उचलली जाते आणि बसल्यावर कंबर उघडी पडते. म्हणून कोट नितंबांच्या खालपर्यंत यावा, आणि तो उभ्याने नव्हे तर स्टुलावर बसून, पुढे वाकून पाहावा. आत थर्मल आणि स्वेटर घालूनच मापाची पारख करावी. दोन्ही हात डोक्यावर नेता आले पाहिजेत. खांदा आखडलेला असेल तर कोट चढवण्या-उतरवण्यासाठी तो एक माप मोठा असलेला बरा. फार मोठाही नको, कारण आतली हवा फार झाली तर ती उबदार राहत नाही. संधिवाताने बोटे वाकली असतील तर चेनेच्या टोकाला जाड दोरीचा फासा बांधून द्यावा. हातमोजे घालूनही तो ओढता येतो. लघवीची घाई होणाऱ्यांसाठी पँटच्या बाजूने वरपासून खालपर्यंत उघडणारी चेन असणे ही चैन नव्हे, गरज आहे. ही सोय नसली की माणसे पाणी पिणेच सोडतात, आणि त्या उंचीवर ते घातक ठरते.

टोपीचा विचार नांदेडकरांनी विशेष करावा. तख्त सचखंड श्री हुजूर साहिबच्या या शहरातून शीख कुटुंबे हेमकुंड साहिबला जातात. गुरू गोविंदसिंगांच्या स्मृतीने दोन्ही ठिकाणे जोडलेली आहेत. हेमकुंड समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे, आणि हंगामाच्या सुरुवातीला तेथली वाट अनेकदा बर्फ कापून मोकळी करावी लागते. साध्या रेनकोटाची टोपी पगडीवर बसत नाही. मग ती मागे पडते आणि मानेतून पाणी आत जाते. स्कीइंगच्या कोटाची टोपी हेल्मेटवर बसावी म्हणून मुद्दाम ऐसपैस शिवलेली असते. ती पगडीवर सहज येते, आणि फेटा बांधणाऱ्या आजोबांनाही चालते. मागची दोरी ओढली की ती मानेबरोबर वळते, नाहीतर माणूस डावीकडे पाहतो आणि डोळ्यांसमोर टोपीचा पडदा येतो. चष्मा असेल तर टोपीला पुढे ताठ कड आहे ना, हे पाहून घ्यावे.

कोटाच्या आत काय आहे, यावर निम्मे यश अवलंबून असते. आपल्या उन्हाळ्यात सुती बनियन आणि पोलके यांना तोड नाही, पण बर्फाच्या वाटेवर सूत शत्रू ठरते, कारण ते घाम धरून ठेवते आणि वाळत नाही. अंगालगत पॉलिएस्टरचे किंवा बारीक लोकरीचे थर्मल, त्यावर स्वेटर, सर्वांत वर कोट. साडीचा प्रश्न नाजूक आहे, तो टाळून चालणार नाही. ओला घोळ पायात अडकतो, खेचरावर बसताना पोटऱ्या उघड्या पडतात, सुती परकर दिवसभर ओला राहतो. ‘ह्या वयात पँट घालू व्हय?’ या प्रश्नावर वाद घालून काही साधत नाही. आमच्या घरी तोडगा निघाला तो असा: खाली थर्मल आणि जलरोधक पँट, वर गुडघ्यापर्यंतचा सैल कुर्ता, त्यावर कोट, आणि साडी पिशवीत कोरडी. मंदिराजवळच्या मुक्कामी पोहोचल्यावर ती नेसायची. देवासमोर साडीत जाता येते म्हटल्यावर आईची हरकत उरली नाही.

एवढा खर्च सर्वांनीच करावा, असे मी म्हणणार नाही. जे संपूर्ण वाट डोलीत किंवा खेचरावर बसून जाणार, त्यांना घाम येणारच नाही. त्यांच्यासाठी जाड कापसाळ जाकीट, टोपी, हातमोजे आणि या सर्वांवर पडणारा मोठा पोंचो पुरेसा आहे. खेचरावर बसल्यावर त्याची टोके मांडीखाली दाबून घ्यावीत, फडफडली तर जनावर बुजते. चालणाऱ्यालाही गळ्यापर्यंत बंद प्लास्टिकपेक्षा खालून मोकळा पोंचो बरा. औली, गुलमर्ग, सोलंग अशा ठिकाणी बर्फ पाहण्यास जाणाऱ्यांना भाड्याने कोट आणि बूट मिळतात. ते बहुधा जाड असतात, पण जलरोधक असतीलच असे नाही. आत हात घालून ओल नाही ना, एवढे पाहावे, आणि मोजे, कानटोपी स्वतःचीच न्यावी.

घरात आधीच असा कोट असेल तर त्याच्यावर लोटाभर पाणी ओतून पाहावे. थेंब मोत्यांसारखे घरंगळले तर कोट ठीक. कापड गडद होऊन पाणी पिऊ लागले तर वरचा लेप गेला आहे. पाणी आत येणार नाही कदाचित, पण ओल्या कापडाआडून वाफ जाणार नाही आणि पुन्हा आईचीच गत होईल. सौम्य द्रव साबणाने, चेना लावून धुवावा; कपडे मऊ करणारे द्रव्य मुळीच वापरू नये. आतल्या चिठ्ठीवर परवानगी असेल तर मंद उष्णता दिल्याने लेप पुन्हा जागा होतो. तेवढ्याने भागले नाही तर फवारण्याचा लेप विकत मिळतो.

सोबत जाणाऱ्यांसाठी एक साधी सवय सांगते. दर अर्ध्या तासाने ज्येष्ठांच्या मानेमागून कोटात हात घालून पाहावा. घामट लागले तर काखेखालची चेन उघडा, वेग कमी करा. थंड आणि ओले लागले तर पुढच्या टपरीची वाट न पाहता आतला कपडा बदला. कोरड्या बनियनची एक जोडी वरच्याच पिशवीत ठेवावी. बोलणे अडखळू लागले, पाऊल चुकू लागले, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा माणूस तेच तेच विचारू लागला, तर ती यात्रा तेथेच थांबवावी. शरीराचे तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या खाली गेले की तो वैद्यकीय धोका असतो, आणि घरातल्या जुन्या पाऱ्याच्या तापमापकावरचे आकडे पस्तीसपासूनच सुरू होतात, हे ध्यानात असू द्यावे. आडोशाला नेऊन ओले कपडे काढावेत, डोके झाकून कोरड्या पांघरुणात गुंडाळावे, शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पेय द्यावे, वैद्यकीय मदत बोलवावी. हातपाय जोराने चोळू नयेत. मद्य देऊ नये. मधुमेह्याच्या पायांना गरम पाण्याची पिशवी थेट लावू नये, भाजलेले त्याला कळत नाही. आणि बसल्या जागी दम लागणे, खोकला, तीव्र डोकेदुखी, झोकांडी जाणे ही उंचीच्या विकाराची लक्षणे असू शकतात. त्यावर कोणताही कोट उपाय नाही. खाली उतरणे हाच उपाय. लातूर-नांदेड आणि ३,५८३ मीटरवरचे केदारनाथ यांच्या उंचीत तीन हजार मीटरांचा फरक आहे. एवढ्या फरकाने हवा सुमारे वीस अंशांनी थंड होते आणि विरळही होते.

यंदा आईला बद्रीनाथला जायचे आहे. तेथे मोटार देवळाजवळपर्यंत जाते, म्हणून डॉक्टरांनी होकार दिला आहे. भाच्याचा कोट धुऊन झाला, मनगटाच्या पट्ट्या आवळल्या, चेनांना लाल नाडीचे फासे बांधले. परवा रात्री, ऊन उतरल्यावर, ती तो घालून गच्चीत उभी राहिली आणि नातवाने तिच्या खांद्यावर कळशीभर पाणी ओतले. तिने काखेखालून हात घालून पाठ चाचपली. ‘कोरडी हाय,’ म्हणाली, ‘पर ती घोंगडीबी घ्या संगं.’